वास इल्ला

आमच्या घरात माणसं चार आणि मराठी तीन तऱ्हेची. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आणि त्यांची थोरली बहीण ताराअत्या, ही दोघं जन्मानं म्हैसूरची. कुणी खापरपणजोबा कापड रंगवण्या-छापण्याच्या धंद्यानं इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. रंगाचं काम केव्हाच सुटलं, छपाई तेवढी हातात राहिली. अण्णांचं लग्नपत्रिका आणि कापडी फलक छापण्याचं छोटं दुकान होतं. अत्याचं वाक्य मराठीत उठायचं आणि कानडीत जाऊन बसायचं. "अगं पुट्टी, सुम्ने बस की जरा, किती बडबड ती, तलेनोवु आला बघ मला," हे ती उठता-बसता म्हणायची. सुम्ने म्हणजे गप्प, तलेनोवु म्हणजे डोकेदुखी, आणि पुट्टी म्हणजे मी, छोटी. कॉलेजात जायला लागले तरी पुट्टीच राहिले. माझी स्वतःची मराठी या दोघांच्या आणि आईच्या मधे कुठेतरी लोंबकळत होती.

आई नगरकडची. तिची मराठी खणखणीत आणि कानडी चार शब्दांची: बन्नी, इल्ला, साकु, एष्टु. या, नाही, पुरे, केवढ्याला. एवढ्या भांडवलावर तिनं भाजीवाले, दूधवाला, शेजारणी, सगळ्यांना वर्षानुवर्षं निभावून नेलं होतं. अत्या आमटीला हुळी म्हणायची, आई हुळीला आमटी म्हणायची, आणि पातेलं एकच असायचं. आईचं नाक मात्र जबरदस्त. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळायचं. कुणाच्या घरी गेलो की बाहेर पडल्यावर तिचा पहिला शेरा वासाचा असायचा: "माणसं चांगली आहेत, पण घराला कोंदट वास आहे." घराला वास येणं ही तिच्या लेखी बाईची बेअब्रू होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते तिच्या या स्वभावामुळेच झालं.

घर हूटगळ्ळीला, उताराच्या अगदी तळाशी. त्या वेळी तिथं नवी घरं भराभर उठत होती. सगळीकडे ओल्या सिमेंटचा वास, कारखान्यांचे भोंगे, आणि हुणसूरकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न. आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला मातीचा बांध होता आणि बांधापलीकडे तळं. त्याला नाव होतं, पण आम्ही नुसतं 'केरे' म्हणायचो, म्हणजे तळंच. जुन्या गावातला एक म्हातारा अण्णांना एकदा म्हणाला होता, की तुमची गल्ली आहे ती खरी तळ्याची जागा, तळं पलीकडे गेलंय ते नुसतं पाहुणं म्हणून. अण्णांनी हे घरी हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. ती म्हणाली, "तरीच मी म्हणते, उन्हाळ्यातसुद्धा फरशीला घाम का येतो."

पाणी वरून येतं असं माणूस धरून चालतो. आमच्याकडे ते खालून आलं. पावसाचा मुक्काम बरेच दिवस होता, त्याच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो. आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे आले, मग फरश्यांच्या सांध्यांतून बारीक बारीक पाणी वर यायला लागलं, आवाज न करता, कुणी खालून बोटानं फरशी उचलून बघावी तसं. अत्यानं ताट उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "अय्यो, हे काय नवीन." बांध फुटलाच नव्हता. तळं नुसतं आपल्या जुन्या जागेवर परत येऊन बसलं होतं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाणी छातीला लागत होतं, आणि मागं वळून बघितलं तर घरात पितळी डबे तरंगत एकमेकांवर हळूच आपटत होते. त्या आवाजाइतकी शांत गोष्ट मी पुढे कधी ऐकली नाही. आजही कुणी पाहुण्यांसाठी स्टीलच्या वाट्या मांडायला लागलं, की मी उठून बाहेर जाते.

वरच्या अंगाच्या शाळेत सरकारनं गंजी केंद्र उघडलं. गंजी म्हणजे तांदळाची पेज. आईला गंजी माहीत ती अंगात घालायची. "गंजी वाटतायत" ऐकून ती अण्णांच्या मापाची एक मागायला रांगेत उभी राहिली आणि हातात वाडगा घेऊन परत आली. तेवढ्या दिवसांत आम्ही हसलो ते एवढंच. हल्ली या जागेला 'काळजी केंद्र' म्हणतात. कानडीत काळजी म्हणजे आस्था, देखभाल. पण मराठी कानाला वाटतं, सरकारनं चिंता करत बसायला वेगळी इमारत दिली आहे. नाव चांगलं आहे, मला आवडतं, दोन्ही अर्थांनी खरं आहे. तर त्या केंद्रात कुणा दानशूर माणसांनी पाठवलेल्या साड्या वाटल्या. आईच्या वाट्याला पांढरी आली, बारीक राखाडी काठाची. सवाष्णीनं पांढरी कशी नेसायची असं म्हणत अत्या कुरकुरली, पण आईच्या सगळ्या साड्या चिखलात होत्या. ती म्हणाली, "कोरडी आहे ना, मग झालं."

तिथंच एक दिवस रिक्षावर भोंगा लावून सांगून गेले. खालच्या गल्ल्या आता राहण्यालायक नाहीत. तिथली घरं पाडून जागा तळ्याला परत देणार. जी कुटुंबं तिथं राहत होती त्यांना वरच्या चढावर जागा आणि घर बांधायला मदत मिळणार. रिकाम्या पडून असलेल्या घरांना काही नाही. केंद्रात असलेल्यांची नोंद केंद्रातच होईल, जे घरी परतलेत त्यांच्याकडे सर्वेवाला येईल. ती नोंद सुरू होईपर्यंत आम्ही घरी परतलेलो होतो. आईला केंद्रात झोप येत नव्हती, आणि घर बंद राहिलं तर वास कायमचा बसेल अशी तिला धास्ती होती. म्हणजे आमचं सगळं आता त्या सर्वेवाल्याच्या एका फेरीवर होतं. तो "राहतात" म्हणाला तर डोक्यावर छप्पर, नाहीतर तळ्याच्या काठावर आम्ही चौघं आणि अण्णांची भिजलेली छपाईची चौकट.

परतलो तेव्हा गल्लीत आमच्याशिवाय कुणी दिसत नव्हतं. सगळ्या घरांच्या भिंतींवर एकाच उंचीवर तपकिरी रेघ, सगळी दारं उघडी, आणि आत काळोख. वाऱ्यानं कुठलंसं फाटक उघडायचं, मिटायचं. दुपारी तर इतकी शांतता असायची की मोरीतला बेडूक बोलला तरी दचकायला व्हायचं. आई पहाटेपासून घासायची. फिनेल झालं, चुना झाला, कडुलिंबाचा पाला जाळून झाला. घाण पाण्यानं तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं, म्हणून तोंडाला आणि हातांना तेल-हळद फासलेली असायची. एकदा घासून झालं की नाहून, ओले केस पाठीवर मोकळे सोडून, ती घरभर सांब्राणीचा धूर फिरवायची. सांब्राणी म्हणजे आपला ऊद. एका दिवशी मी कॉलेजात, अण्णा आणि अत्या दुकान वाळवायला, आणि घरी आई एकटी असताना सर्वेवाला येऊन गेला. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा तिचा चेहरा खुललेला होता.

"आले होते ते तुमचे सर्वेवाले," ती म्हणाली.

"काय विचारलं?" अण्णांनी चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"वासाचं विचारलं. मी म्हटलं, वास इल्ला. अजिबात इल्ला. म्हटलं बन्नी, आत येऊन बघा ना. पण थांबलाच नाही, फार घाईत होता बिचारा."

अण्णा मनापासून हसले. "सरकार सुधारलं म्हणायचं. घराचा वाससुद्धा बघायला लागलं." अत्या म्हणाली, "आयतु, झालं एकदाचं काम," आणि त्या संध्याकाळी पाण्यानंतर पहिल्यांदा आमच्या घरी भाकरी आणि पिठलं झालं, वर अत्याची हुळी. पिठल्याला फिनेलचा वास येत होता. आईसकट कुणी त्याचा विषय काढला नाही.

मग काही दिवसांनी मी कॉलेजातून आले तर आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर लाल रंगात मोठी कानडी अक्षरं. रंगाचे ओघळ खालपर्यंत आलेले. ज्यानं लिहिलं त्यानं दार वाजवलं नव्हतं. आई आत भांडी घासत होती, तिला चाहूलसुद्धा लागली नाही. बसच्या पाट्या वाचून वाचून तिला अक्षरं लागायची. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि तिनं एकेक अक्षर जोडलं. "खा... ली. खाली?" तिनं पायांकडे बघितलं. "खाली काय आहे?" मला कानडीतला अर्थ माहीत होता, पण तिनं ज्या आवाजात विचारलं, त्यानं माझ्यासुद्धा पायाखालची फरशी मला एकदम पोकळ वाटली. संध्याकाळी अण्णांनी सांगितलं, खाली म्हणजे रिकामं. हे घर रिकामं आहे, यात कुणी राहत नाही. दुसऱ्या सकाळी ते कचेरीत गेले. शिपायानं सांगितलं, "नाळे बन्नी." उद्या या. त्यानंतर ते जात राहिले आणि ऐकत राहिले.

इकडे गल्लीला काहीतरी झालं होतं. दूधवाला फाटकाशी यायचा बंद झाला. कोपऱ्यावर दूध ठेवून सायकल पळवत निघून जायचा. गॅसवाला गल्लीच्या तोंडाशी थांबून हाक मारायचा आणि उत्तर ऐकलं की उलट जोरात पुढं जायचा. एका सकाळी माणसं येऊन विजेची तार तोडून गेली, घर खाली आहे म्हणून. मी धावत बाहेर आले, "आम्ही आहोत, इथं आम्ही राहतो" म्हणून ओरडले, तर शिडीवरचा माणूस माझ्याकडे न बघता उतरला आणि शिडी तिथंच टाकून चालू लागला. फाटकाशी हळद-कुंकू लावलेलं लिंबू सापडलं. गल्लीतली दोन घरं सामान न्यायला म्हणून परत आली होती, त्यांच्या दारांवर कोळशानं लिहिलेलं दिसलं: नाळे बा. उद्या ये. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. दारावर येणारी हडळ ते वाचते आणि परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते, पुन्हा परत जाते. भूत आणि अर्जदार, दोघांना वाटेला लावायला आमच्याकडे शब्द तेच आहेत, हे मला फार नंतर सुचलं आणि मी एकटीच हसले.

बातमी अत्यानं दुकानातून आणली. "पुट्टी, दार लाव. गोत्ता तुला, आपल्या गल्लीत देव्वा, भूत, दिसलाय म्हणतात. बाई. पांढरी साडी, ओले केस, तोंड पिवळं हळद. भर दुपारी दारात उभी ऱ्हाते आणि बन्नी बन्नी करते. एका माणसाला ताप भरलाय बघून." कुठल्या दारात, असं मी विचारलं. अत्यानं आईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हेच की गं. आपलंच."

तुम्हाला आता कळलं असेल. आम्हाला तेव्हा कळलं नाही. आपल्या माणसाला कुणी असं बघू शकेल हे डोक्यातच येत नाही. आई ऐकून पांढरीफटक पडली. ज्या दारात ती रोज उभी राहायची, त्याच दारात आणखी कुणी उभी राहते, आणि तिला ते कधीच दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून ती पुढच्या दाराकडे पाठ करून बसायला लागली. घासणं थांबलं, पण सांब्राणी वाढली. जेवताना ती मधेच घास धरून थांबायची. एकदा मला एकटीला गाठून म्हणाली, "तुला म्हणून सांगते, यांना सांगू नको. दिसते मला. दारात असते. पाठमोरी. तोंड नाही दाखवत." मी तिला म्हटलं, आई, तू दमली आहेस. ती म्हणाली, "हो, दमले तर आहेच." मला खूप भीती वाटली, आणि ती कुणा देव्वाची नव्हती, आई हातातून चालली होती याची होती.

त्या आठवड्यातली एक दुपार. मी कॉलेजातून लवकर सुटले. गल्लीच्या तोंडाशी वळले आणि लांबून आमच्या दारात एक फिकट आकृती दिसली. हलत नव्हती. मागं धूर होता. माझे पाय तिथंच थांबले, आणि खरं सांगते, मी उलट पळायला वळलेसुद्धा. मग तिनं हात उचलून कपाळावर आडवा धरला, ऊन अडवायला आई धरायची तसा, आणि मला कळलं ती आई आहे. मी धावत गेले. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि मी पिऊन पेला ठेवल्यावर म्हणाली, "तूसुद्धा थांबलीस ना गं मला बघून." या वाक्यानंतर आयुष्यात खूप काही ऐकलं, पण एवढं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांबरोबर गेले. नजरबादकडच्या एका जुन्या कचेरीत, लांबलचक व्हरांडा, बाकांवर आमच्यासारखीच माणसं. शिपायानं "नाळे बन्नी" म्हटलं आणि अण्णा सवयीनं वळले, पण मी वळले नाही. मी मोठ्यानं, शाळेतल्या शुद्ध कानडीत म्हटलं की आम्ही जिवंत आहोत, आणि उद्यापर्यंत राहू की नाही ठाऊक नाही. आतून तहसीलदार बाईंनी बोलावलं. मध्यम वयाच्या, चष्मा कपाळावर ढकललेला, टेबलावर डब्यातलं चित्रान्न तसंच पडलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण तुमच्या घरातूनच सांगितलंय, कुणी राहत नाही म्हणून. आमच्या माणसानं जाऊन विचारलं होतं." त्यांनी सर्वेवाल्याला बोलावलं. तो किडकिडीत, तिशीचा, मनगटात नवा काळा दोरा. सांगायला तयार होईना. बाई जरा चढ्या आवाजात बोलल्या तेव्हा त्यानं खिडकीबाहेर बघत सांगून टाकलं.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं, तो म्हणाला. सगळी घरं मेलेली. एका दारात बाई उभी होती, पांढरी साडी, केस सोडलेले, तोंड पिवळं, मागून धूर येत होता. मी विचारलं, "इल्ली यारादरू वास इद्दारा?" इथं कुणी राहतं का? ती हसली. म्हणाली, "वास इल्ला." कुणी राहत नाही. आणि मग हात पुढं करून म्हणाली, "बन्नी, बन्नी."

अण्णा हसायला लागले, खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मॅडम," ते म्हणाले, "नम्म मराठीयल्ली वास अंदरे वासने!" आमच्या मराठीत वास म्हणजे कानडीतली वासने, गंध. बिचारीला वाटलं तुम्ही विचारताय घराला घाण येते का. आठवडाभर घासत होती ती! बाईंना कळलं आणि त्याही हसल्या, शिपाई हसला. मग अण्णांचं हसू एकदम थांबलं आणि ते रुमालात तोंड घालून बसून राहिले. मला वाटतं, आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं: आई दारात उभी राहून अभिमानानं सांगते आहे की आमच्या घराला वास नाही, आणि समोरचा माणूस पळतो आहे.

सर्वेवाला तेवढा हसला नव्हता. तो हळूच म्हणाला, "आदरे इब्बरु इद्दरु." पण दोघी होत्या. एक बोलत होती, दुसरी तिच्या मागं आत उभी होती. पाठमोरी.

आईनं मला जे सांगितलं होतं ते मी कुणाजवळ बोलले नव्हते. मी अण्णांकडे बघितलं नाही.

तहसीलदार बाईंनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, उद्या हाच जाईल, पुन्हा विचारील, आणि त्याच बाई उत्तर देतील, दुसऱ्या कुणी मधे बोलायचं नाही. आणि त्याला म्हणाल्या, "आत जायचं. बसायचं. त्यांच्या हातचं पाणी पिऊनच यायचं." संध्याकाळभर अत्यानं आईकडून घोकून घेतलं: नानु इद्दीनि, मी आहे. आई म्हणायची, पण कुजबुजल्यासारखं.

तो आला. आईनं केस घट्ट बांधले होते, शेजारच्या वस्तीतून आणलेली हिरवी साडी नेसली होती, ठसठशीत कुंकू. ती उंबऱ्याशी उभी राहिली, तो पायरीखाली. आधी त्यानं तिच्या पावलांकडे बघितलं, सरळ आहेत ना म्हणून. मग प्रश्न विचारला, तोच, त्याच शब्दांत. आईची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, लाल अक्षरं लिहिलेल्या भिंतीकडे लागली होती. आम्ही तिघं आत ओट्याला टेकून उभे, अत्याचे ओठ हलत होते पण आवाज काढायची बंदी. किती वेळ गेला देव जाणे. तो कागद खाली करून वळणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मी. नानु." आणि मग छातीवर हात आपटून, नगरच्या खणखणीत आवाजात, "नानु इद्दीनि! मी आहे इथं! मी आहे!" ती रडायला लागली. तो आत आला, बसला, पाणी प्यायला. पेला त्याच्या दातांवर वाजत होता. जाताना त्यानं मला खुणेनं विचारलं, ती दुसरी कुठं उभी होती ते दाखवू का, आणि बोट केलं. तिथं लोखंडी कपाट होतं, आरशाचं, दाराकडे तोंड केलेलं. आईची पाठच दिसली असणार त्यात. तो हायसं वाटून हसला, मनगटातला दोरा तिथंच काढून खिशात घातला. मीही हसले. त्याला काय दिसलं ते कळलं. आईला दारात पाठमोरी कोण दिसायची, ते त्या आरशानं सांगितलं नाही.

तहसीलदार बाईंनी पुढे आपल्या हाताखालच्या सगळ्यांना तोंडी दंडकच घालून दिला: पडझडीच्या घरी दारातून विचारायचं नाही, आत जाऊन पाणी प्यायचं, घरची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेचं माणूस बरोबर न्यायचं, आणि भिंतीवर काही लिहिण्याआधी, घर पाडण्याआधी, पुन्हा एकदा विचारायचं. गल्लीतल्या आणखी एका 'खाली' घरात एक आंधळे आजोबा राहत होते असं त्यातूनच उघड झालं. आता पूर आला की सर्वेची मुलं मोबाइल घेऊन येतात, घराचा फोटो काढतात, क्षणात वर पाठवतात. कामं खरंच लवकर होतात, उगाच नावं ठेवणार नाही. पण मला कुठं मराठी बोलणाऱ्यांसाठी मदतीला बोलावलं, की मी त्या मुलांना दारातच थांबवते आणि म्हणते, आधी पाणी प्या. ती म्हणतात, आंटी, उशीर होतोय. मी म्हणते, होऊ दे.

आम्हाला वरच्या चढावर जागा मिळाली. घर पाडायच्या सकाळी सामान वर गेलेलं होतं, दारं-खिडक्या काढून झाल्या होत्या, दाराच्या जागी नुसती पोकळी. बुलडोझरच्या चालकानं यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि नेमून दिल्याप्रमाणे विचारलं, "वळगे यारादरू इद्दारा?" आत कुणी आहे का? अण्णा उत्तर देणार, तोच आईनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "थांबा जरा. सांगून येते."

ती गेली. उंबऱ्याशी आत तोंड करून उभी राहिली. आम्हाला तिची पाठ दिसत होती. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण बोलता बोलता थांबून ती ऐकत होती, एवढं कळलं. मग मान हलवून परत आली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, आम्ही वर चाललो, तूही चल."

"मग?"

आईनं पदर खोचला. चेहरा शांत होता, कितीतरी दिवसांनी. "नाही म्हणाली. म्हणाली, माझा वास इथंच आहे."

चालक उत्तराची वाट बघत उभा होता. अत्यानं अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. इल्ला म्हणायला आमच्यापैकी कुणाचीच जीभ उचलेना.